वाटीभर साखर, शेकडा तीन आणि दामदुप्पट: व्याजाबद्दल धर्म नेमकं काय म्हणतात?

शेजारच्या काकू वाटीभर साखर उसनी नेतात. चार दिवसांनी वाटी परत येते ती शिगोशीग भरलेली. कुणी मागितलेलं नसतं, पण मोजून तेवढीच साखर परत करणं बरं दिसत नाही. आता त्याच काकूंना पन्नास हजार रुपये हवे असले, तर वरची ती शीग मागून घ्यावी का? किती? आणि त्यांना फेडता आलं नाही तर?

कर्ज देणारी ॲप आणि त्यांच्या वसुलीवाल्यांचे फोन यांच्या बातम्या आल्या की व्याजाचा वाद नव्यानं पेटतो. कुणी म्हणतं व्याज म्हणजे पाप, कुणी म्हणतं व्याजाशिवाय जग चालणार नाही, आणि तिसरा सांगतो की अमुक धर्मात व्याज हराम आहे, तरी त्यांच्या बँका जोरात चालतात, तेव्हा सगळं ढोंगच. या तिघांच्या मध्ये बरंच काही आहे. ते समजून घ्यायचं तर आधी थोडा हिशेब लागतो.

शेकडा तीन म्हणजे किती?

गावाकडं व्याज ‘शेकड्या’नं बोलतात आणि ते महिन्याचं असतं. ‘शेकडा तीन’ म्हणजे शंभराला महिन्याला तीन रुपये, वर्षाला ३६ टक्के. बँकेचा दर वर्षाचा असतो. ऐकताना ‘तीन’ हा आकडा ‘बारा’पेक्षा लहान वाटतो आणि माणूस तिथंच फसतो.

एक लाख मुद्दल, शेकडा तीन, पाच वर्षं काहीच फेडलं नाही असं धरू. सरळ व्याजानं व्याज होतं १ लाख ८० हजार. चक्रवाढीनं, म्हणजे दर महिन्याचं थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावलं, तर एकूण देणं जातं सुमारे ५ लाख ८९ हजारांवर. चक्रवाढीत रक्कम दुप्पट व्हायला दोन वर्षंही लागत नाहीत. दर तोच, माणूस तोच. फक्त हिशेबाची रीत बदलली. व्याजाबद्दलच्या जवळजवळ सगळ्या धार्मिक नियमांच्या मुळाशी हा फुगवटा आहे.

त्याच वाटीचे तीन न्याय

ज्यू परंपरेत नियम सर्वांत कडक. तोरा या त्यांच्या मूळ धर्मग्रंथात व्याजासाठी एक शब्द आहे ‘नेशेख’. त्याचं मूळ ‘चावणं’ या क्रियापदात आहे. आपल्या बांधवाकडून व्याज घ्यायचं नाही, परक्याकडून घेता येईल, असं तिथं स्पष्ट लिहिलंय. पुढच्या धर्मपंडितांनी हा नियम पार स्वयंपाकघरापर्यंत नेला. मिश्ना या जुन्या धर्मसंहितेत हिल्लेल या गुरूचं मत नोंदलंय: शेजारणीला पाव उसना देताना आधी त्याची किंमत ठरवा, कारण मधल्या काळात गहू महागला तर परत आलेला पाव जास्त किमतीचा असेल आणि ते व्याज ठरेल. बाकीच्या पंडितांनी एवढं ताणू नका म्हणून ते मानलं नाही. पण ‘शब्दांचं व्याज’ मात्र मानलं गेलं: ज्याला तुम्ही एरवी आधी नमस्कार करत नव्हता, त्याच्याकडून कर्ज घेतल्यावर त्याला आपण होऊन नमस्कार करायला लागायचं नाही. काकूंची शिगोशीग वाटीही इथं अडचणीत येते.

इस्लाममध्ये ती वाटी चालते, पण एका अटीवर. आधी ठरलेली वाढ म्हणजे ‘रिबा’, आणि तो हराम. फेडणाऱ्यानं न ठरवता, राजीखुशीनं चांगलं परत केलं तर तो सद्गुण. प्रेषित मुहंमदांनी उसन्या घेतलेल्या उंटाच्या बदल्यात त्याहून चांगला उंट परत दिला, अशी हदीस, म्हणजे त्यांच्या आचरणाची नोंद, आहे. कुराणाच्या दुसऱ्या सूरेत (२:२७५) अल्लाहनं व्यापार वैध आणि रिबा निषिद्ध केल्याचं येतं. तेवढंच वाक्य सगळे सांगतात. पाचच आयतींनंतर (२:२८०) कर्जदार अडचणीत असेल तर सवड येईपर्यंत त्याला मुदत द्या, सोडून दिलंत तर आणखी चांगलं, असंही आहे. व्याजबंदी आणि मुदत देणं ही एकाच आज्ञेची दोन टोकं आहेत, ही गोष्ट वादाच्या गरमागरमीत हरवते.

तिसरा न्याय आपला: शीग मागायची नाही, पण आली नाही तर लक्षात ठेवायची.

बैलाचं भाडं आणि उसनी ज्वारी

ख्रिस्ती चर्चनं ही बंदी बरीच शतकं चालवली. इ.स. ३२५ च्या निकिया परिषदेनं पाद्र्यांना व्याजबट्टा बंद केला. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेनं उघड व्याजखोरांना बहिष्कृत केलं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी त्यामागची मांडणी केली. त्यांनी दाखला वाइनचा दिला होता. आपण बैल आणि ज्वारी घेऊ.

बैल भाड्यानं दिला तर तो नांगर ओढून संध्याकाळी परत येतो. वस्तू वेगळी, तिचा वापर वेगळा. म्हणून वापराचं भाडं घेणं न्याय्य. ज्वारी उसनी दिली तर ती खाल्ली जाते. खाणं हाच तिचा वापर. पायलीभर ज्वारी परत घ्यायची आणि वर ‘खाल्ल्याचं भाडं’ही मागायचं, म्हणजे एकाच वस्तूचे दोनदा पैसे घेणं. अक्वायनस यांच्या मते पैसा हा ज्वारीसारखा आहे, बैलासारखा नाही.

यावरचा आक्षेप तेव्हाही सुचला होता. पैसा व्यापारात घातला तर तो बैलासारखाच कमावून परत येतो की! शिवाय तुम्हाला कर्ज दिलं म्हणून माझा दुसरा धंदा बुडाला, त्याची भरपाई? चर्चच्या पंडितांनी अशी भरपाई हळूहळू मान्य केली. लॅटिनमध्ये तिला ‘इंटेरेस्से’ म्हणत. म्हणजे इंग्रजीतला ‘इंटरेस्ट’ हा शब्दच मुळात ‘हे व्याज नव्हे, भरपाई आहे’ असं सांगण्यासाठी आला. १४६२ मध्ये इटलीत पेरुजियाला फ्रान्सिस्कन साधूंनी गरिबांसाठी तारणावर कर्ज देणारी पेढी काढली आणि खर्चापुरतं थोडं शुल्क घ्यायला सुरुवात केली. त्यावरून बरीच भांडणं झाली आणि १५१५ मध्ये चर्चनं ते शुल्क मान्य केलं. कॅल्विनसारख्या प्रॉटेस्टंट विचारवंतांनी पुढं सरळच म्हटलं की व्यापाऱ्याकडून माफक व्याज घ्या, गरिबाकडून नको.

इथून पुढं प्रश्न बदलतो. व्याज चांगलं की वाईट हा मुद्दा मागं पडतो आणि दोन प्रश्न उरतात: कर्ज कशासाठी, आणि बुडालं तर नुकसान कुणाचं?

आपल्याकडं: बंदी नाही, कुंपण

हिंदू धर्मशास्त्रानं व्याज वैध मानलं आणि दर ठरवून दिले. मनुस्मृतीत वसिष्ठांच्या नावानं दर येतो: शंभराचा ऐंशीवा भाग दरमहा, म्हणजे महिन्याला सव्वा टक्का, वर्षाला १५ टक्के. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही ‘धर्म्य’ दर हाच, शंभर पणांना (पण हे त्या काळचं नाणं) सव्वा पण. पण तो पुढं व्यवहारातले दर सांगतो: साध्या व्यापाराला पाच, रानावनातून माल नेणाऱ्यांना दहा, समुद्रावर जाणाऱ्यांना वीस, सगळे दरमहा शेकडा. जहाज बुडालं तर मुद्दलही बुडणार, म्हणून दर चढा. आजच्या विमा कंपनीला हे समजावून सांगावं लागणार नाही.

मनुस्मृतीतलं दुसरं कोष्टक मात्र झाकून ठेवण्यासारखं नाही. तिथं वर्णानुसार दरमहा दोन, तीन, चार आणि पाच टक्के दर आहेत. ब्राह्मणाला दोन, शूद्राला पाच. यात जोखीम नाही, जन्म आहे. ज्याच्याकडं सर्वांत कमी त्यालाच सर्वांत महाग कर्ज, हा उलटा न्याय मनूबरोबर संपला असं मात्र आजचे दर बघून म्हणवत नाही.

या सगळ्यात टिकाऊ निघाला तो एक नियम: साचलेलं व्याज मुद्दलाच्या पुढं जाऊ शकत नाही, म्हणजे एकूण देणं मुद्दलाच्या दुपटीवर थांबतं. हीच दामदुप्पट. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी हिंदू ऋणकोंच्या बाबतीत ती कायदा म्हणून पाळली. दक्षिण आफ्रिकेच्या कायद्यातही जवळपास असाच दुपटीचा नियम आहे.

आज ‘दामदुप्पट’ म्हटलं की ‘अमुक महिन्यांत पैसे दुप्पट’ अशी जाहिरात आठवते. ज्या शब्दानं सावकाराचा हात धरला होता, तोच शब्द आता ठेवीदाराला हाका मारतो.

कुंपण कुठं मोडत होतं

दामदुप्पट ऐकायला छान, पण तिला दोन भोकं होती.

पहिलं: मर्यादा एका वेळी थकलेल्या व्याजाला. एक लाखाचं कर्ज घेऊन तुम्ही शेकडा तीननं दरमहा तीन हजार इमानदारीनं भरत राहिलात, तर पाच वर्षांत १ लाख ८० हजार जातात आणि मुद्दल जागच्या जागी. थकबाकी शून्य, म्हणून दामदुप्पटीचं संरक्षणही शून्य. वेळेवर भरणाऱ्यापेक्षा न भरणाऱ्याला नियमाचा फायदा जास्त.

दुसरं भोक मोठं. व्याज थकत आलं की सावकार कुळाला बोलावून नवं खत, म्हणजे कर्जाचा कागद, लिहून घ्यायचा. जुनं मुद्दल शंभर, व्याज ऐंशी. नव्या खतात मुद्दल एकशे ऐंशी. दोघांच्या संमतीनं व्याज मुद्दलात गेलं की ते मुद्दलच, आणि दुपटीची मोजणी एकशे ऐंशीपासून सुरू. दोन-तीन खतांनंतर मूळचे शंभर कुणाला आठवतात? कुळाला वाचता येत नसायचं, खाली फक्त अंगठा.

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुपे इथं शेतकरी उठले आणि तो उठाव पुणे-नगर भागात पसरला. त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. सावकाराकडून खतं आणि हिशेबाच्या वह्या मागून घ्यायच्या आणि जाळायच्या. जळत होतं ते फुगवलेलं मुद्दल. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला त्यात न्यायालयाला खताच्या मागं जाऊन व्यवहाराचा पहिल्यापासूनचा हिशेब तपासायचा अधिकार मिळाला. दुसरं भोक बुजवायचाच तो प्रयत्न. त्याआधी दोन शतकं देहूत तुकोबांनी आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते.

कर्ज माफ करण्याची सक्ती केली की काय होतं, याचा धडा ज्यूंच्या इतिहासात आहे. दर सातव्या वर्षी कर्जं बुडीत धरायची, अशी तोराची आज्ञा. परिणाम असा की सातवं वर्ष जवळ आलं की गरिबाला कुणी कर्जच देईना. मग त्याच हिल्लेलनं, तोच तो पावाबद्दल इतका काटेकोर, ‘प्रोझबुल’ नावाची तोड काढली: धनको आपलं येणं न्यायमंडळाच्या स्वाधीन करतो, आणि न्यायमंडळाकडं गेलेलं येणं बुडीत होत नाही. कर्जमाफीची चर्चा सुरू झाली की बँकांचे हात आखडतात, ही तक्रार आपल्याकडं नवी नाही.

पांडवलेणीतली मुदत ठेव

‘मी कुणाला व्याजानं पैसे देत नाही, फक्त एफडी ठेवतो’ असं म्हणणाऱ्यानं नाशिकची पांडवलेणी बघावीत. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यानं बौद्ध भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडं ठेवले. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. दोन हजार एका श्रेणीकडं दरमहा शेकडा एक दरानं, एक हजार दुसरीकडं शेकडा पाऊण दरानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, असं लेखात स्पष्ट आहे. आणि व्याज कशाला? लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण, चीवराचे, म्हणजे वस्त्राचे.

आता मांडून बघा. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, २४०. एक नाणं इकडं-तिकडं नाही. दुसऱ्या हजारावरचे वर्षाचे नव्वद इतर किरकोळ गरजांसाठी. व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवला, फलकावर नोंदवला आणि शेवटी दगडात कोरला. इतकी चोख पावती आजही क्वचितच मिळते.

म्हणजे बौद्ध परंपरेत व्याजाला बंदी नव्हती. बुद्धानं उपासकांना वर्ज्य सांगितलेले पाच व्यापार म्हणजे शस्त्रं, सजीव, मांस, मद्य आणि विष. त्यात सावकारी नाही. पण पाली सुत्तांत, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांत, कर्जदाराची बाजू ठळक आहे. दारिद्र्य, मग कर्ज, मग व्याज, मग तगादा, मग पाठलाग, मग बंधन, अशी उतरंड तिथं एकामागून एक येते. गृहस्थाच्या चार सुखांत एक सुख आहे फक्त ऋण नसण्याचं.

जैन श्रावकालाही, म्हणजे गृहस्थालाही, पंधरा धंदे वर्ज्य सांगितलेत: जंगलतोड, कोळसा पाडणं, हस्तिदंत, विष, तळी आटवणं वगैरे. निकष हिंसेचा, त्यामुळं सावकारी त्या यादीत नाही. तिथं अंकुश दुसऱ्या बाजूनं येतो: परिग्रहाची मर्यादा, म्हणजे आपल्याजवळ किती ठेवायचं याचं व्रत आधीच घ्यायचं.

‘हे तर नुसतं नाव बदलणं झालं!’

इस्लामी बँकिंगवरचा हा नेहमीचा आक्षेप. दुबईत किंवा दोहात नोकरीला असलेल्या अनेक मराठी कुटुंबांनी तिथल्या अशा बँकेतून गाडी घेतलेली असते, आणि हप्ता बघून वाटतं, फरक काय?

सर्वांत रुळलेली पद्धत ‘मुराबहा’. समजा एक लाखाची गाडी हवी आहे. पायऱ्या अशा: तुम्ही बँकेला गाडी सांगता, बँक ती विक्रेत्याकडून स्वतःच्या नावावर एक लाखाला घेते, मग नफा उघड सांगून तुम्हाला १ लाख १२ हजारांना हप्त्यांवर विकते. दुकानदारानं केलेली उधार विक्री आणि ही, यात तत्त्वतः फरक नाही. म्हणून तो व्यापार, रिबा नव्हे.

व्याजापेक्षा वेगळेपण दोन जागी. एक, गाडी बँकेच्या मालकीची असताना जळली तर नुकसान बँकेचं. दोन, किंमत एकदा ठरली की ठरली. हप्ते थकले तरी १ लाख १२ हजारांचे सव्वा लाख होत नाहीत. उशिराचा दंड लावला तरी तो बँकेनं धर्मादायात द्यायचा असतो. चक्रवाढीचा फुगवटा मुळातच कापलेला.

बिघडतं कुठं? क्रम उलटला की. बँकेनं गाडी घेण्याआधीच तुमच्याकडून खरेदीखतावर सही घेतली, किंवा मालकी काही क्षणांपुरती कागदावरच राहिली, तर जोखीम कुणीच घेतली नाही आणि आक्षेप खरा ठरतो. रोख रकमेसाठी धातू वगैरे उधार घेऊन लगेच विकण्याचा जो ठरवून केलेला फेरा चालतो, तो खुद्द आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह (धर्मशास्त्र) अकादमीनं २००९ मध्ये अवैध ठरवला. तेव्हा टीका बाहेरचेच करतात असं नाही.

ज्यूंची तोड वेगळी, नाव ‘हेतेर इस्का’. कर्जाच्या जागी भागीदारीचा कागद. दिलेल्या रकमेचा अर्धा भाग बिनव्याजी कर्ज, अर्धा धंद्यातली गुंतवणूक. तोटा झाला असं म्हणायचं तर साक्षीदारांनिशी सिद्ध करा, नफा किती ते शपथेवर सांगा. ही कटकट नको असेल तर ठरलेली रक्कम द्या आणि मोकळे व्हा. सगळे अर्थातच ठरलेली रक्कम देतात. इस्रायलच्या बँका असा सर्वसाधारण करारनामा करून ठेवतात. नाव बदलण्याचा आरोप मला इथं जास्त लागू वाटतो. मात्र त्याच समाजात ‘गेमाख’ नावाच्या पूर्ण बिनव्याजी उसनवारीच्या संस्थाही गल्लोगल्ली असतात, आणि अडल्यानडल्याचं कर्ज तिथून जातं.

नाव बदलणं धर्मापुरतं नाही, हेही सांगायला हवं. ‘शून्य टक्के व्याजाचे हप्ते’ हे असंच सोंग. बऱ्याचदा व्याज प्रक्रिया शुल्कात किंवा न दिलेल्या सवलतीत दडलेलं असतं. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही.

‘महागाईचं काय?’ आणि ‘खात्यात आलेलं व्याज?’

आज दिलेले पन्नास हजार पाच वर्षांनी तेवढेच परत आले, तर देणाऱ्याचं नुकसान होतंच. बिनव्याजी मत मांडणाऱ्यांकडं यावर पूर्ण समाधानकारक उत्तर नाही, असं माझं मत. बहुतेक इस्लामी पंडित महागाईनुसार रक्कम वाढवायला मान्यता देत नाहीत. व्यवहारात एक रीत सांगितली जाते: कर्जच सोन्यात द्या. दहा ग्रॅम दिलं, दहा ग्रॅम परत. सोनं उतरलं तर तुमचं नुकसान, हे आधीच पत्करून.

बचत खात्यात व्याज आपोआप जमा होतं त्याचं काय, हा भारतातल्या मुस्लीम खातेदारांचा नेहमीचा प्रश्न. अनेक उलेमांचा सल्ला असा की ते बँकेत सोडू नका. काढून पुण्याची अपेक्षा न धरता गरजूंना द्या, स्वतःवर खर्चू नका आणि जकातीत, म्हणजे धर्मानं सक्तीच्या केलेल्या दानात, धरू नका. रघुराम राजन समितीनं २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. रिझर्व्ह बँकेनं तो प्रस्ताव पुढं न नेण्याचं ठरवल्याचं २०१७ मध्ये स्पष्ट झालं.

दामदुप्पट आज कुठं सापडते?

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मध्ये. परवानाधारक सावकाराला चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. इथं ऋणकोचा धर्म विचारला जात नाही. कायद्याबरोबर ठरलेले दर वर्षाचे आहेत: शेतकऱ्याला तारणावर ९ टक्के, विनातारण १२, इतरांना १५ आणि १८. बिगरशेतकऱ्याचा तारणी दर नेमका वसिष्ठांचा निघावा, हा योगायोग असेल.

बँका या कायद्याखाली येत नाहीत. रिझर्व्ह बँकेकडं नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये केरळ आणि गुजरातच्या प्रकरणात सांगितलं. म्हणून ॲपवरून कर्ज घेताना पहिली गोष्ट बघायची ती मागं नोंदणीकृत बँक किंवा वित्त कंपनी कोणती आहे. गावातला सावकार असेल तर परवाना मागायचा. परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे, आणि त्या व्यवहारात गेलेली जमीन परत मिळवण्याची तरतूद कायद्यात आहे. तक्रार तालुक्याला सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडं किंवा जिल्हा उपनिबंधकांकडं करायची. जाताना जुन्यातलं जुनं खत सोबत घ्यायचं, सर्वांत नवं तेवढंच नव्हे. मूळचे शंभर त्या पहिल्या कागदावर असतात.